अर्थ उद्या सांगते

भांडुप, २० ऑगस्ट २०२५

प्रिय किरण,

जय भीम.

भांडुप ते अंधेरी असं अंतर ते काय, आणि मी तुला टपालाने पत्र लिहितेय. काय करणार? माझा नंबर तू ब्लॉक केलायस, काकांचा फोन उचलत नाहीस, आणि कंपनीच्या गेटवर येऊन तमाशा करायला मी काही तुझी सासू नाही. पत्ता तुझ्या त्या मित्राने, नितेशने दिला. त्याच्या खोलीवर राहतोयस म्हणे. बरा आहेस ना? जेवतोस ना वेळेवर?

आता रागावते, नीट ऐक. तुझी आई, माझी सुंदरामावशी जाऊन अजून तीन आठवडे झाले नाहीत. विक्रोळीच्या घरात काका एकटे आहेत. एकुलता एक मुलगा तू, आणि विहारातून जो उठून गेलास तो घरी फिरकलाच नाहीस. मी परवा जाऊन आले. सिंकमध्ये एक ताट, एक वाटी. काका म्हणाले, "किरणला डबल शिफ्ट लागलीय." मला खोटं सांगताना त्यांनी पंख्याकडे बघितलं.

माझं काय चुकलं ते मी खूप आठवून बघितलं. त्या मंगळवारी मीच तुम्हा दोघांना भांडुपला बोलावलं. वर्षावास चालू आहे, पावसाळ्याचे हे तीन महिने रोज संध्याकाळी विहारात मी गाथा वाचते, अर्थ सांगते, चार माणसांत बसलात तर बरं वाटेल, असं मला वाटलं. त्या दिवशी भंतेजीही आले होते. वाचन संपलं, सगळे खिरीच्या रांगेत उभे राहिले, आणि तू चप्पल घालून निघून गेलास. काका तुझ्यासाठी खिरीची वाटी धरून बसले होते.

खीर मावशीच्या नावाने होती आणि मी माईकवर तिचं नाव घ्यायला विसरले, ते लागलं का तुला? चूक माझीच. भंतेजींना घाटकोपरला पोचायचं होतं, सगळे घाई करत होते, आणि माझ्या डोक्यातून निसटलं. दुसऱ्या दिवशी मी नाव घेतलं, दोनदा घेतलं. पण तेवढ्यासाठी कोणी घर सोडतं का रे?

मावशीच्या पुण्यानुमोदनाचा, तिच्या स्मरणाचा कार्यक्रम १४ सप्टेंबरला, रविवारी ठरलाय. जालन्याहून सगळे येणार आहेत. तू नसलास तर काका कुणाला काय सांगतील?

फोन नको तर पत्र लिही. पण लिही.

तुझी,
नीलमताई

—

अंधेरी, २४ ऑगस्ट

नीलमताई,

जय भीम.

तुझं पत्र आलं तेव्हा नितेश हसायला लागला. "तुमच्यात अजून पत्रां लिवतत काय रे?" म्हणे.

खिरीचं, नावाचं काही नाही. तू नाव घेतलंस की नाही, माझं लक्षही नव्हतं. मला फक्त एवढं सांग: त्या दिवशी तू तीच गाथा का घेतलीस? आईला मारून, बापाला मारून साधू निर्दोष निघून जातो, अशी. आई जाऊन दहा दिवस झालेल्या माणसाला तू पहिल्या रांगेत बसवलंस, त्याच्यासमोर हे वाचलंस, पुस्तक मिटलंस आणि म्हणालीस, "अर्थ उद्या सांगते, आता खीर घ्या."

तुला कोणी काही सांगितलंय का? सरळ सांग. फिरवू नकोस.

घरी आबांना सांग मी ठीक आहे. १४ तारखेचं माझं काही खरं नाही.

किरण

—

भांडुप, २७ ऑगस्ट

प्रिय किरण,

जय भीम.

अरे वेड्या! म्हणजे त्या गाथेवरून सगळं झालंय? पत्र वाचून मला आधी धस्स झालं, मग हायसं वाटलं. गैरसमज आहे रे, निव्वळ गैरसमज, आणि तो मी आत्ता दूर करते.

त्या गाथेत खरी आई नाहीच. आई म्हणजे तृष्णा. हे हवं, ते हवं, अजून हवं, ही जी हाव असते ना, ती दुःखाला जन्माला घालते, म्हणून तिला आई म्हटलंय. बाप म्हणजे अहंकार, 'मी' पणा. माणूस बापाच्या नावावर ताठ होतो ना, 'मी अमक्याचा मुलगा', म्हणून. पुढे त्यात दोन राजे येतात, ती टोकाची दोन मतं. राज्य म्हणजे आपली इंद्रियं. हे सगळं ज्याने आपल्या आत मारलं, तो मोकळा झाला. बस, एवढंच. रक्त नाही, मारामारी नाही. धर्मग्रंथांत अशी भाषा सगळीकडेच असते. नदी म्हणतात ती नदी नसते, आग म्हणतात ती आग नसते. शब्द मुद्दामच असा ठेवलेला असतो की ऐकणारा दचकला पाहिजे. दचकला की तो विचारतो. तू दचकलास पण विचारलं नाहीस, उठूनच गेलास.

मी ती का घेतली, असं विचारतोस. का म्हणजे काय? क्रमाने आली. रोज चार गाथा, जिथे खूण असेल तिथून पुढे. त्यात माझा काय हात? आणि मला कोण काय सांगणार? सांगण्यासारखं आहे तरी काय? मावशीसाठी तू काय केलंस ते सगळ्या विक्रोळीला ठाऊक आहे. वर्षभर ऑक्सिजनचं सिलिंडर खांद्यावरून तीन मजले चढवणारा मुलगा आपल्या नात्यात दुसरा नाही. माझी आई तर तुझं नाव घेऊन माझ्या भावाला टोमणे मारते.

तेव्हा आता अर्थ कळला, राग गेला, विषय संपला. शनिवारी घरी जा. काकांना भात नीट लावता येत नाही, पाणी जास्त होतं.

तुझी,
नीलमताई

—

अंधेरी, ३१ ऑगस्ट

नीलमताई,

जय भीम.

नितेश गणपतीला गावी गेलाय. खोलीवर मी एकटाच आहे, म्हणून आज लांब लिहितो. नंतर लिहिणार नाही.

अर्थ कळला. शाळेतल्यासारखा नीट समजावलास. पण मला एक सांग, हावेला आईच का म्हणायचं? दुसरं काही मिळालं नाही? माझ्या आईला कसलीच हाव नव्हती. दवाखान्यात शेजारच्या बेडवरच्या बाईला कोणी भेटायला येत नव्हतं, तर आई मला म्हणायची, तिच्याशी पण दोन शब्द बोल. अशा बाईच्या नावाने तुम्ही तृष्णा ओळखता?

आणि तू लिहितेस, सांगण्यासारखं काय आहे. आहे.

मी सगळ्यांना सांगितलं की डॉक्टरांनी हात टेकले. ते खोटं आहे. डॉक्टरांनी हात टेकले नव्हते. शनिवारी दुपारी ते आले, मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, फुफ्फुसं दमलीत, आता नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल. मी विचारलं, मग बरी होईल? ते म्हणाले, सांगता येत नाही, फार थोडे सुटतात, पण सुटतात. काय करायचं ते तुम्ही सांगा.

मी 'नको' म्हणालो.

तू म्हणशील, तिला त्रास नको म्हणून म्हणाला असेल. मी पण स्वतःला हेच सांगितलं. लोक विचारतील तर हेच सांगायचं ठरवलं होतं. पण त्या क्षणाला माझ्या डोक्यात काय होतं ते मला माहीत आहे. मला झोप हवी होती. अकरा दिवस मी त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून काढले होते, आणि डॉक्टर मशीन म्हणाले तेव्हा मला फक्त ती खुर्ची दिसली. अजून किती दिवस खुर्ची, एवढंच मनात आलं. संध्याकाळी आई गेली. आणि त्या रात्री मी घरी गाढ झोपलो, ताई. बायका बाहेर रडत होत्या आणि मी आत झोपलो होतो.

तेव्हा तुझी गाथा उलटी आहे. तृष्णेला मारून मी मोकळा नाही झालो. माझ्या हावेनेच माझ्या आईला मारलं. तुझ्या गाथेत ती आई नसेल, माझ्या कानात तीच होती. मला वाटलं, डॉक्टरांबरोबरच्या नर्सने तुला सांगितलंय आणि तू मला भर विहारात ऐकवतेयस. तसं नसेल तर नसेल. पण ज्याने कोणी पहिल्यांदा हे असं म्हटलं, त्याने समोर कोण बसलंय ते बघितलं असेल. तू बघितलं नाहीस.

आबांना यातलं काही माहीत नाही. डॉक्टर आले तेव्हा ते खाली चहाला गेले होते. वर आल्यावर मी त्यांना सांगितलं, डॉक्टर काही करू शकत नाहीत म्हणतात. त्यांनी मान हलवली. ज्या माणसाची बायको माझ्या एका शब्दाने गेली, त्याच्याबरोबर मी एका खोलीत कसा राहू? कार्यक्रमात लोक माझ्या पाठीवरून हात फिरवतील, श्रावणबाळ म्हणतील. माझ्याने होणार नाही.

किरण

—

भांडुप, ३ सप्टेंबर

किरण,

तुझं पत्र मी बाथरूममध्ये कडी लावून वाचलं. नंतर तोंड धुवून बाहेर आले, तर मीरा म्हणाली, आई तुझे डोळे लाल का? कांदा म्हटलं. हातात कांदा नव्हता.

मी तुला खोटं लिहिलं होतं. ती गाथा क्रमाने आली नव्हती. क्रमाने जी होती ती साधी होती, पोरांनाही कळेल अशी. पण भंतेजी येणार होते, आणि मला त्यांना दाखवायचं होतं की बघा, एक साधी बाई, मुलुंडच्या टाइल्सच्या दुकानात हिशेब लिहिणारी, किती अवघड गाथा सोडवून सांगते. दोन दिवस तयारी केली होती मी. आधी सगळ्यांना दचकवायचं आणि मग अर्थ सांगून वाहवा घ्यायची, असा माझा बेत होता. तयारी करताना तू आणि काका येणार हे मला ठाऊक होतं. मीच बोलावलं होतं. तरी माझ्या मनात एकदाही आलं नाही की मावशी नुकतीच गेलीय. किती निगरगट्ट असेल मी, सांग. तुला 'बाप म्हणजे अहंकार' असं ऐटीत लिहिलं तेव्हासुद्धा मला ते समजलं नाही.

आणि मग वेळ संपली. भंतेजी घड्याळ बघायला लागले, खीर गार व्हायला लागली, आणि मी म्हणाले, अर्थ उद्या.

ही गाथा पहिल्यांदा कशी सांगितली गेली ती गोष्ट मी तयारीत वाचली होती. रस्त्याने एक ठेंगणा भिक्खू चालला होता. त्याच्याकडे बोट दाखवून तथागत म्हणाले, हा बघा, आईबापाला मारून निश्चिंत चाललाय. ऐकणारे घाबरले, त्यांनी विचारलं, हे काय बोलता? आणि त्यांना तिथल्या तिथे उत्तर मिळालं. कुणालाही तसं घाबरलेलं घरी पाठवलं नाही. मी पाठवलं. तू बरोबर लिहिलंस, मी समोर बघितलंच नाही.

तुझ्या 'नको'बद्दल मी काय लिहू? 'तू काही चूक केली नाहीस' असं लिहायला बसले होते, तीन ओळी लिहून खोडल्या. मी त्या खुर्चीवर एक तास तरी बसले होते का? दोनदा आले, शहाळं ठेवलं आणि साडेसातच्या आत घरी. मला कसला अधिकार? एवढंच सांगते की झोप हवी असणं आणि आई नको असणं, यात फरक आहे. तो तुला आज दिसत नसेल. मला दिसतो.

अजून एक. दुसऱ्या दिवशी मी अर्थ सांगितला तेव्हा काका आले होते. एकटेच, विक्रोळीहून. मागच्या सतरंजीवर बसले. सगळे गेल्यावर मला म्हणाले, "नीलम, हाव झाली, अहंकार झाला. भीतीला त्यात काय नाव दिलंय?" मला वाटलं एकटेपणाची भीती म्हणत असतील. मी म्हटलं, काका, घाबरू नका, आम्ही आहोत ना. ते हसले आणि स्टेशनकडे गेले.

काकांना मी सांगू का? तू सांगितलेलं, तुझ्याच शब्दांत. तू हो म्हणालास तरच.

तुझी ताई

—

अंधेरी, ६ सप्टेंबर

ताई,

आबांना सांगायचं नाही. शपथ आहे तुला. सांगितलंस तर पुन्हा तोंड बघणार नाही.

तू खरं लिहिलंस ते बरं केलंस. तुझ्यावरचा राग कमी झालाय, पण त्याने माझं काही सुटत नाही. रविवारी मी येणार नाही. जालनावाल्यांना शिफ्ट आहे म्हणून सांगा.

किरण

—

भांडुप, ९ सप्टेंबर

किरण,

शपथ पाळली आहे. काकांना मी एक अक्षर बोलले नाही. ते आज सकाळी स्वतःच माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, तू किरणला पत्रं लिहितेस ना, त्यात हेही घाल. पाकीट चिकटवलेलं नाही, पण मी वाचलेलं नाही.

ताई

—

विक्रोळी, ८ सप्टेंबर

चि. किरण यास,

जय भीम.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही. कारखान्यात असताना तुझ्या आईला गावी दोन-तीन लिहिली असतील, तीही खुशालीची. चुकलं तर सांभाळून घे.

तू घरी का येत नाहीस ते मला माहीत आहे असं मला वाटतं. तुला माझं तोंड बघायचं नाही. ते बरोबर आहे.

त्या शनिवारी जेवणानंतर नर्सबाई माझ्याकडे आल्या. तू औषधं आणायला गेला होतास. त्या म्हणाल्या, काका, थोड्या वेळाने डॉक्टर येतील, मशीनचं विचारतील, घरातलं मोठं माणूस इथे पाहिजे. मी हो म्हणालो. तू औषधं घेऊन वर आलास. मी तुला म्हणालो, जरा चहा घेऊन येतो. तू म्हणालास, जा आबा.

मी चहा प्यायलो नाही. टपरीच्या बाजूला उभा राहिलो. डॉक्टरांची गाडी आत येताना बघितली. तरी वर आलो नाही. सुंदराने माझ्याबरोबर चाळीस वर्षं संसार केला, आणि तिच्याबद्दल एक शब्द बोलायची वेळ आली तेव्हा मी तो शब्द पोराच्या तोंडात टाकून खाली पळालो. 'हो' म्हणायची मला भीती वाटली. 'नको' म्हणायचीही वाटली.

वर आलो तेव्हा तू म्हणालास, डॉक्टर काही करू शकत नाहीत. तू माझ्याकडे न बघता बोललास. मला तेव्हाच कळलं की तुला विचारलंय आणि तू उत्तर दिलंयस. काय दिलंस ते मी विचारलं नाही. अजूनही विचारत नाही. विचारलं तर तू मला विचारशील, आबा, तुम्ही कुठे होतात? म्हणून महिनाभर गप्प राहिलो. तू निघून गेलास तरी गप्प राहिलो, लोकांना डबल शिफ्ट सांगितली.

नीलमच्या विहारात ती गाथा ऐकली तेव्हा मला वाटलं ती माझ्यावरच आहे. तू उठून गेलास तेव्हा मला वाटलं, पोराला बापाचा राग आलाय. नीलमने अर्थ सांगितला, तोही ऐकून आलो. छान सांगते ती. पण माझं काम त्यात बसलं नाही. त्यात मारणारा तरी तिथे हजर असतो.

तू काही चुकला असशील तर तुला माफ करणारा मी कोण? मी तर खोलीतच नव्हतो. आणि मला माफ कर असंही म्हणत नाही. रविवारी सगळे येतील, त्यांच्यासमोर मला काही जमायचं नाही. तू त्याच्या आधी ये. आपण दोघं बसू. तू विचार, मी सांगतो.

तुझा,
आबा

—

अंधेरी, ११ सप्टेंबर

ती. आबांस,

जय भीम.

नितेश उद्या विक्रोळीला चाललाय, त्याच्याच हाती हे पाठवतोय, टपालाने वेळेवर पोचणार नाही.

तुमचं पत्र मी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये वाचलं. डबा तसाच परत आणला.

तुमचं तोंड बघायचं नाही म्हणून मी गेलो नव्हतो. माझं तुम्हाला दाखवायचं नव्हतं. डॉक्टरांनी मला विचारलं आणि मी 'नको' म्हणालो, आबा. हे मी लिहून टाकतो, म्हणजे शनिवारी तुमच्यासमोर बसल्यावर पुन्हा पळायला जागा राहणार नाही. का म्हणालो तेही सांगेन. ते चांगलं नाही. ऐकून तुम्हाला राग आला तर येऊ दे.

आणि तुम्ही म्हणता ना, विचार. तर विचारतो. डॉक्टर बोलत होते तेव्हा मी सारखा दाराकडे बघत होतो. आबा येतील, आत्ता येतील, असं वाटत होतं. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, मी दोनदा दाराकडे बघितलं. नंतर तुमच्यावरचा तो राग मला तुमच्यावर काढता आला नाही, आई गेली होती, तुम्ही भिंतीला टेकून बसला होता. तो मी नीलमताईवर काढला. तिची चूक होती, पण एवढी नव्हती. मी तिलाही लिहिणार आहे.

शनिवारी सकाळी येतो. भाजी आणू नका, मी आणतो. रविवारच्या कार्यक्रमाचं भंतेजींना पक्कं सांगून टाका.

एक गोष्ट आत्ताच सांगतो, तोंडावर सांगता आली नाही तर राहून जाईल. तुम्ही त्या दिवशी वर असता ना, तरी मी 'नको'च म्हणालो असतो. पण तुमच्यासमोर म्हणालो असतो.

किरण